सेमीकोलन सर

सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे सेक्रेटरींनी टाकलं, ‘वॉटर विल नॉट कम टुडे, टँकर इज कॉल्ड.’ बाकीचे बादल्या भरायला धावले. सरांनी चष्मा पुसला आणि उत्तर टाइप केलं, ‘दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत. सेमीकोलन द्या, नाहीतर कॉमानंतर अँड घाला.’ टँकर कधी येणार हे विचारायला सर विसरले असं नाही. त्यांना तो प्रश्न पडलाच नव्हता.

सर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. रेन अँड मार्टिनचं व्याकरण उशाशी, लाल पेन खिशात. इंग्रजी लग्नपत्रिका आली की आधी ती तपासून होते, मग मुहूर्त बघितला जातो. दुरुस्त केलेली पत्रिका पाकिटात घालून ते यजमानांच्या हातात ठेवतात. आहेर तोच.

सेमीकोलनवर त्यांचा विशेष जीव. दोन्ही बाजूंची वाक्यं आपापल्या पायांवर उभी राहणारी हवीत, पण एकमेकांना सोडत नाहीत अशी हवीत, हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो. १४९६ साली व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने बेम्बो या लेखकाच्या एटना पर्वतावरच्या पुस्तकात हे चिन्ह पहिल्यांदा छापलं. सर ही हकीकत अशा आपुलकीने सांगतात, की मनुशियस त्यांच्याच वाड्यात भाड्याने राहत होता की काय असं वाटावं.

‘एका कॉमाने काय बिघडतं’ असं त्यांच्यासमोर चुकूनही म्हणू नये. मी म्हणालो. मग जिन्यातच अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीची केस ऐकावी लागली. ओव्हरटाइम न देता करून घेता येणाऱ्या कामांची तिथल्या कायद्यात यादी होती आणि तिच्या शेवटी होतं, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. शिपमेंटनंतर कॉमा नाही. डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, कायदा बोलतोय तो पॅकिंगबद्दल, मग ते रवानगीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करतच नाही, नुसता माल पोचवतो, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. व्याकरणाने ड्रायव्हरच्या खिशात पैसे घातल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता मी सरांच्या पक्षात गेलो.

डॅशच्या बाबतीत मात्र सध्या त्यांचं मन दुखावलेलं आहे. हायफन शब्द जोडतो, डॅश वाक्य फोडतो. आणि फोनवर हायफनची कळ दाबून धरली की लांब डॅश मिळतो, हे सोसायटीत एकट्या सरांना माहीत. परवा बी विंगमधल्या एका पोराने विचारलं, ‘सर, मेसेज एआयकडून लिहून घेता का? एवढे डॅश माणूस देत नाही.’ त्या संध्याकाळी सर फिरायला आले नाहीत.

आले ते थेट नोटीस बोर्डापाशी. तिथे नवा कागद होता, ‘मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल बी फाइन्ड.’ सेक्रेटरींना बनियनवरच खाली यावं लागलं.

‘अहो, दोन कॉमांच्या मधला मजकूर म्हणजे जाता जाता दिलेली जादा माहिती. याचा अर्थ, झाडून सगळे सभासद थकबाकीदार आणि सगळ्यांनाच दंड! दोन्ही कॉमा काढा. मग ज्यांनी भरले नाहीत तेवढ्यांनाच लागू होईल.’

‘सर, तेवढे म्हणजे तुम्ही एकटेच आहात हो.’

‘माझं बिल सदोष आहे. एप्रिल आणि जूनच्या मध्ये छोटा डॅश हवा, तिथे हायफन आहे. असलं बिल मी स्वीकारत नसतो.’

‘मग नोटिशीचं काय करू?’

सरांनी लाल पेन काढलं. ‘एकटाच असेन तर मेंबर्स कशाला? द मेंबर हू हॅज नॉट पेड. आणि हॅव्हचं हॅज करायला विसरू नका.’