बर्लिनचा बेस, बाळीवेशीचा धिंगाणा

सोलापुरात नव्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर मत द्यायचं, तर आधी कलाकाराचा पत्ता विचारतात. तो बर्लिनचा असला, तर पुण्याहून शिकून आलेला आमचा जाणकार सात रस्त्यावर चहा घेताना हेडफोन जरा सरकवतो आणि सांगतो, "बेस कच्चा आहे, म्हणूनच अस्सल." ऐकणारे मात्र थोडेच हवेत. श्रोते वाढले, की कलाकार बाजारू झाला.

आता बाळीवेशीतला पोरगा घ्या. ना कंपनी, ना स्टुडिओ. हलगीचा ताल संगणकावर कापतो, खाली बेस भरतो आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री पेन ड्राइव्हवर प्रकाशित करतो. 'इंडी' म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण याचं परीक्षण खिडकीची तावदानं करतात, नाहीतर वरच्या मजल्यावरची आजी. (निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल हा नियम 2000 सालचा, आजींची समीक्षा कायद्याला धरून आहे, हे कबूल.)

जाणकारांचं मत यायला तसा वेळ लागतोच. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तबकडी फारशी खपली नाही. 2010 मध्ये एका डच कंपनीनं ती पुन्हा काढली, आणि शिकागोचं म्हणून ओळखलं जाणारं 'अ‍ॅसिड हाउस' हे नृत्यसंगीत शिकागोच्या आधी मुंबईत वाजलं होतं, असा साक्षात्कार जगाला झाला. म्हणजे 28 वर्षं. हलगी मिक्सचा पेन ड्राइव्ह तेवढा कुणीतरी जपून ठेवा. डच पाहुणे मूळ प्रत मागतील.