श्वानास मोठ्या डॉक्टराकडे नेण्याची व घरी खर्च सांगण्याची रीत

नेरळ-कळंब रस्त्यावरच्या पोशीरमध्ये एका कुत्र्याच्या आजारपणाला किती खर्च आला, याची चार उत्तरे मिळतात आणि चारही एकाच काकांनी दिलेली आहेत. आईला सांगितले दीड हजार. काकूंना सहा हजार. पारावर ‘गाडीभाडं काय ते पडलं’. आणि शेजारच्या फार्महाऊसवाल्या साहेबांना चोवीस हजार, तेही मिशीवरून हात फिरवत. हा शेवटचा आकडा काकांनी फुगवून सांगितला, अशी गावाची खात्री आहे. तोच तेवढा खरा.

अशा श्वानस्वामींची शास्त्रशुद्ध सोय व्हावी म्हणून पुढील नियम देण्यात येत आहेत.

नियम पहिला. मुंबईचे नाव काढण्याआधी जवळच्या डॉक्टरला गाठावे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा जीव गाईम्हशींत गुंतलेला असतो. लाळ्या-खुरकुताच्या लसी, कृत्रिम रेतन, अडलेली म्हैस, एवढे आटोपून कुत्र्याची पाळी आली तर स्वामीने रुसू नये. कर्जतच्या पावसात कुत्र्याची पुष्कळ दुखणी गोचिडांपासून सुरू होतात. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये बोट घालून पाहावे. हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप चढला, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गोचीडतापाचे जंतू बऱ्याचदा तिथेच सापडतात. यासाठी शंभर किलोमीटर जाण्याचे कारण नाही. जायला उशीर केला, तर मात्र जावे लागते.

नियम दुसरा. माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नये. ब्रुफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ‘अर्धीच दिली’ हे समर्थन ग्राह्य नाही. दिलीच असेल तर शेजाऱ्यापासून लपवावी, डॉक्टरपासून लपवू नये.

काकांचा टायगर हा अस्सल गावठी. कोणी आणला नाही, एका पावसाळ्यात ओटीवर येऊन बसला आणि राहिला. एके सकाळी त्याचे मागचे पाय उचलेनात. जवळच्या डॉक्टरांनी रक्त पाहिले, पायांच्या बोटांना चिमटे काढून पाहिले आणि म्हणाले, “काका, मणक्याचं वाटतंय. एमआरआय लागेल. मुंबईला न्या.”

‘मुंबईला न्या’ हे वाक्य या तालुक्यात माणसांनाही पाठ आहे, कुत्र्याने वाईट वाटून घेऊ नये. जनावरांच्या बाबतीत तर त्याला शतकाहून जुनी परंपरा आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय पारशी दानातून एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. ट्रामही घोडे ओढत होते त्या मुंबईत हा दवाखाना निघाला, आणि लोकांनी त्याचे नाव बैलघोडा हॉस्पिटल करून टाकले. 1886 मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अलीकडे, जुलै 2024 मध्ये, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे पाळीव प्राण्यांचे पाच मजली रुग्णालय उघडले, 165 कोटींचे. हे सारे मुंबईत. इकडे एमआरआय म्हटले की आधी इको गाडी ठरवावी लागते.

नियम तिसरा. ‘एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न काउंटरवर न विचारता आधी फोनवर विचारावा आणि खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. उत्तर साधे आहे. माणसाला ‘हलू नका’ सांगता येते. टायगरला सांगून पाहावे. त्याला पूर्ण भूल द्यावी लागते; भुलीआधी रक्ताच्या तपासण्या, भूल देणारा वेगळा डॉक्टर, शुद्धीवर येईपर्यंत राखण. साडेपाच वर्षे पदवी, त्यावर दोन वर्षे पदव्युत्तर शिक्षण केलेला माणूस ती चित्रे वाचतो. माणसांच्या जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण टायगरचे नाव शिधापत्रिकेवर नाही, रेशनचा तांदूळ तो रोज खात असला तरी. म्हशीसाठी सरकारी विमा योजना आहे, कारण म्हैस दूध देते. सरकारने एक मात्र केले आहे: पशुवैद्यकीय सेवेवर जीएसटी नाही. पाकीटबंद श्वानखाद्यावर 18 टक्के आहे, त्याचा टायगरशी संबंध नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, तो मात्र कोणी विचारत नाही. या तपासणीने उपचार बदलणार आहे का? शस्त्रक्रिया करायचीच नसेल तर चित्र काढून ते कुठे टांगणार?

नियम चौथा. उपास. भुलीच्या आदल्या रात्रीपासून कुत्र्याच्या पोटात अन्न नको, कारण भुलीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. किती तास ते डॉक्टर सांगतात. डॉक्टरांनी सांगितले होते. काकांनी ते घरात सांगितलेही होते. पण घरात ऐंशी पार केलेली आजी आहे, आणि ‘कुत्र्याला कसला आलाय डॉक्टर’ हे तिचे जाहीर मत आहे. पहाटे साडेचारला इको निघताना हेच मत मांडत ती गाडीपाशी आली आणि आजारी जनावर उपाशी चालले म्हणून पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा टायगरच्या तोंडात सोडून गेली. काकांना हे चौकच्या नाक्यावर कळले, सीटवरच्या चुऱ्यावरून. तरी ते पुढे गेले, नशीब बघू म्हणत. भूल मिळाली नाही. तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली. इकोचे साडेचार हजार गेले ते गेलेच.

तेवढा महाग पुडा पोशीरमध्ये आजवर कोणी फोडलेला नाही.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री आजी स्वतः ओटीवर टायगरशेजारी झोपली, कोणी त्याला काही घालू नये म्हणून.

नियम पाचवा. पारावर आकडा सांगू नये. तिथली मापे वेगळी असतात. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने पोशीर नदीवरच्या धरणाला 6,394 कोटींची मान्यता दिली, ती रक्कम पारावरची मंडळी पान खाताना सहज उच्चारतात. कुत्र्याच्या चोवीस हजारांवर मात्र चार दिवस चर्चा होते. फार्महाऊसवाल्यांना बेधडक सांगावे. मे महिन्यातल्या कर्जतच्या उन्हात हस्की पाळून, त्याला राखणदाराच्या हवाली करून रविवारी संध्याकाळी निघून जाणाऱ्या माणसासमोर गावठी कुत्र्याचा एमआरआय काढल्याचे सांगताना काकांची मान जरा ताठच होते. ते समाधान सोडू नये, गाडीभाड्यात तेवढे तरी वसूल होते.

नियम सहावा व सर्वांत नाजूक: हिशेबाची वही. घरखर्चाच्या वहीत ‘कुत्रा’ असा रकाना उघडू नये. काकांनी दोन्ही खेपांचे नऊ हजार आणि दवाखान्याचे पंधरा हजार ‘युरिया’ या नावाखाली टाकले. शास्त्र म्हणून ही पद्धत उत्तम आहे, पण तिला एक भोक आहे. 45 किलोचे पोते 266 रुपये 50 पैशांना मिळते, हे काकूंना ठाऊक आहे. दिवाळीला वही हातात आली तेव्हा त्यांनी तिथेच भागाकार केला. एकरभर भाताला नव्वद पोती. काकू काही बोलल्या नाहीत. टायगर तेव्हा अंगणात होता, मागचा डावा पाय किंचित ओढत, पण चारही पायांवर. मणक्याचे दुखणे औषधावर आणि सक्तीच्या विश्रांतीवर निभावले होते, शस्त्रक्रिया टळली होती. काकूंनी त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा टाकला आणि “पुढच्या तपासणीला कधी बोलावलंय?” एवढेच विचारले.

काकांनी नव्या वर्षाच्या वहीत रकाना आखून ठेवला आहे: ‘कुंपण दुरुस्ती’.