गच्चीवर पत्रे घालण्याचा शास्त्रोक्त विधी

गच्चीवर खोली बांधायची नसते. पावसासाठी नुसते पत्रे घालायचे असतात, खोली मग आपोआप होते. हे सूत्र आमच्या नानांचे. सख्खे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर पाणी अडवले. आता ते उरलेले सगळे आपल्याच स्लॅबवर येते, असे त्यांचे म्हणणे. होतकरूंसाठी त्यांची पद्धत इथे देत आहे.

प्रथम कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. रंगसफेदी, गिलावा, फरशी बदलणे असल्या किरकोळ कामांना सूट आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत तात्पुरत्या बांधकामांच्या यादीत पावसापासून संरक्षणासाठी गच्चीवर घातलेले आच्छादनही येते. मात्र ते परवानगीने आणि फक्त पावसाळ्यापुरते. नानांनी हे वाक्य ‘पावसापासून संरक्षण’ इथपर्यंत वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

शिक्षेचे कलम ५२. दंड दोन ते पाच हजार रुपये. नाना हा आकडा पत्र्यांच्या कोटेशनशेजारी लिहून दाखवतात. त्याच वाक्यात एक महिना ते तीन वर्षे कैद आहे, ती दाखवत नाहीत.

मुहूर्त शुक्रवारी संध्याकाळचा. सोमवारी जोडून सुट्टी आली तर उत्तम.

आता काम, आणि इथे थट्टा नाही, कारण पत्रे बेकायदा असले तरी गळण्याचे नियम सगळ्यांना सारखेच. खांबाची बेसप्लेट कोब्यात भोक पाडून बसवू नका. वॉटरप्रूफिंग फुटते आणि ज्या गळतीच्या नावाने पत्रे घातले ती त्याच दिवशी सुरू होते. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगटात कधीच नाही. खाली रबरी वॉशर हवाच. पत्रे घालायला वाऱ्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करायची, म्हणजे जोडाचे तोंड नैऋत्येच्या झडीकडे येत नाही. वेल्डर घाईत असतो आणि हे सगळे उलट करतो. नाना त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते, त्याला ऊन लागू नये म्हणून नव्हे, त्याने खाली उतरू नये म्हणून.

शेजार. समोरच्या काकूंचे वाळवण वर्षानुवर्षे नानांच्या गच्चीवर. पत्रे आले आणि कुरडयांचे ऊन गेले. तक्रारीची पहिली चिठ्ठी अशाच घरातून जाते, हे लक्षात ठेवा. नानांनी दक्षिणेकडचे दोन पत्रे काढून पारदर्शक फायबरचे बसवले. कुरडया आता पिवळसर उजेडात दुप्पट दिवस वाळतात आणि काकू गप्प आहेत. निदान लेखी.

यापुढचा क्रम हवामान ठरवते. उन्हासाठी हिरवी जाळी. जाळीतून झड येते म्हणून ताडपत्री. ताडपत्री रात्रभर फडफडते म्हणून कमरेइतकी विटांची भिंत, ‘नुसती ताडपत्री दाबायला’. भिंतीवर मांजर बसते म्हणून ग्रिल, ग्रिल आहेच तर सरकती खिडकी, आणि आत कोंडल्यासारखे होते म्हणून पंखा. खोलीचा हेतू यात कुठेही सापडणार नाही, मी शोधून पाहिला आहे.

नोटीस आल्यावर ‘हे तात्पुरते आहे हो’ म्हणायचा मोह होतो. आवरा. बांधकाम पक्के असेल तर कलम ५३ आणि त्याची रीतसर नोटीस. तात्पुरते म्हणालात तर कलम ५५, त्यात पंधरा दिवसांत काढून टाकण्याचा आदेश निघतो. नाना तात्पुरते म्हणून मोकळे झाले आणि मग ५५ वाचले. त्या संध्याकाळी प्रथमच त्यांनी त्या जागेला ‘खोली’ म्हटले.

तिसरी वाट ५२-अ. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे अटी घालून आणि शुल्क घेऊन नियमित करण्याची ती तरतूद. पुरावा हवा. नानांनी २०१४ मधल्या मुंजीचा फोटो शोधून काढला, त्यात गच्चीवर मांडव आहे. ‘हेच ते, फक्त बांबूचे लोखंड झाले,’ असे ते गंभीरपणे म्हणाले. बटूच्या हातातला लाडू पाहून कोणी नियमित करील, असे मला वाटत नाही.

एप्रिलात दुपारी तिथे बसवत नाही. जुलैत सर आली की पत्र्यावर असा काही ताशा वाजतो की खालून काकी ‘अहो, दळण आणायचंय’ म्हणून ओरडते ते एक अक्षर ऐकू येत नाही. नाना खुर्चीत पाय पसरून शांतपणे वर्तमानपत्र वाचत असतात. कायद्याने काहीही म्हणावे, एवढे संरक्षण माणसाला पेन्शनीतही मिळत नाही.

सध्या बेसिनचा विचार चालू आहे. कारण अर्थातच पाऊस. कुंड्यांतली माती ओली होते आणि हाताला लागते.