गंजाचा माणूस

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी 34 वर्षं काढली. पत्र्यावर नख फिरवून गंज किती खोल गेलाय ते मी आजही सांगतो. त्यामुळे एका रविवारी आमचे साडू विनायकराव सोफ्यावर टेकता टेकता म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्ही आतून गंजताय,’’ तेव्हा प्रकृतीची काळजी वाटण्याआधी मला राग आला. माझ्या खात्यातलं मला न विचारता हे कसं बोलतात?

विनायकराव बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या निवृत्तीला स्वस्थता राहिली नाही. आधी पाण्याचं यंत्र आलं, मग चुंबकाची गादी आली. गादीने माझी कंबर सुधारली नाही, पण घरात हरवलेल्या सुया हमखास तिथे सापडतात. आता ही बाटली. 60 कॅप्सूल, 2,850 रुपये, ‘‘तुम्हाला म्हणून.’’

साडू ही जात अवघड. सख्ख्या भावाला झापता येतं, मेहुण्याला टाळता येतं. साडूला ‘नाही’ म्हटलं की ते ‘नाही’ दोन बहिणींच्या फोनवरून फिरत फिरत रात्री आपल्याच ताटात वाढलं जातं.

विनायकरावांनी काचेचा ग्लास मागवला. पाण्यात जखमेवर लावायच्या आयोडिनच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. ‘‘हे तुमचं आत्ताचं रक्त.’’ मग कॅप्सूल फोडून पूड ओतली, चमच्याने ढवळलं, आणि पाणी नितळ! ‘‘हे महिन्याभरानंतरचं.’’ मी चकित व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात सौ. ‘‘थांबा हं’’ म्हणत आत गेली. पोह्यांसाठी कापलेलं लिंबू घेऊन आली, दुसऱ्या ग्लासात तसंच तपकिरी पाणी करवून घेतलं आणि पिळलं. तेही निवळलं. तळाशी दोन बिया गेल्या, एवढाच फरक.

क जीवनसत्त्व आयोडिनचा रंग घालवतं, मग ते लिंबातलं असो की कॅप्सूलमधलं. त्या ग्लासात माझ्या रक्ताचा संबंध कुठेच नव्हता. सौ.ला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. तिला फक्त बहिणीचा नवरा ठाऊक होता.

तरी बाटली घेतली. का, ते साडू असलेल्या वाचकांना सांगायला नको.

चष्मा लावून लेबल वाचलं. विनायकरावांनी गुडघ्यापासून विस्मरणापर्यंत नऊ आजार मोजले होते, त्यांतल्या एकाचंही नाव बाटलीवर नव्हतं. उलट एका कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं. अशा पूरक गोळ्यांवर ते छापावंच लागतं म्हणे. विकणाऱ्यापेक्षा बाटली प्रामाणिक निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीत मी घाबरलो. इतका लखलखीत पिवळा रंग मी फक्त बसवर मारलेला पाहिला होता. विनायकराव फोनवर आनंदले, ‘‘विष बाहेर पडतंय!’’ त्यांच्याच मुलीने, म्हणजे आमच्या फार्मसी शिकणाऱ्या भाचीने, पाच मिनिटांनी तिच्या फोनवरून हळू आवाजात सांगितलं, ‘‘काका, विष नाही. ब-2 जीवनसत्त्व आहे. शरीराला नको होतं तेवढं परत पाठवलंय. पप्पांना सांगू नका.’’

म्हणजे 2,850 पैकी बरीचशी रक्कम मी रोज सकाळी साखळी ओढून वाहवत होतो.

भाची पुढल्या रविवारी आली आणि तिने मला ‘मुक्त मूलक’ समजावले. 1956 साली डेनहॅम हार्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं, की शरीराचं काम चालू असताना काही रेणू एका इलेक्ट्रॉनने अर्धवट राहतात, आणि त्यांच्या नासधुशीतून म्हातारपण येतं. मला ते लगेच कळलं. भरलेल्या गाडीत उभा राहिलेला उतारू एखाद्याला ढकलून बसतो, उठलेला तिसऱ्याला उठवतो, आणि शिरूर येईपर्यंत गाडीभर मारामारी. अँटिऑक्सिडंट म्हणजे स्वतःहून जागा देणारा सज्जन. मग सज्जनच कॅप्सूलमध्ये भरून पाठवले तर?

पाठवून पाहिले, भाची म्हणाली. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं प्रयोग झाला. 1994 साली निकाल आला: गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन ज्यांना गोळीतून दिलं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. अमेरिकेत तसाच एक प्रयोग 1996 मध्ये ठरल्या मुदतीच्या 21 महिने आधी थांबवावा लागला. त्यात सिगारेट सोडलेलेही होते.

मी बाटली उलटी केली. बीटा-कॅरोटिन, चौथ्या ओळीत. आता पंचाईत अशी, की मी सत्त्याण्णवपर्यंत ओढत होतो आणि घरी त्याची नोंद ‘डिझेलचा वास’ अशी आहे. मी सौ.कडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. ‘‘डिझेलला बडीशेपेचा वास येत नाही,’’ ती मान वर न करता म्हणाली, ‘‘बंद करा ती गोळी.’’

सगळंच थोतांड आहे असं नव्हे. वयाबरोबर डोळ्याचा पडदा झिजण्याचा एक आजार आहे. त्याच्या मधल्या टप्प्यात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्ताची गोळी उपयोगी पडते, आणि डोळ्यांचे डॉक्टर ती स्वतः लिहून देतात. पण तो तपासून लावलेला आजार. मी आमच्या सोफ्यावर बसून गंजलो होतो.

मला खरी गंमत वाटली ती पुढे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच उपद्व्यापी रेणू मुद्दाम तयार करतात. व्यायाम करतानाही ते वाढतात आणि शरीर त्यांच्याकडून काही शिकतं. 2009 च्या एका प्रयोगात व्यायामाने शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागतं, तो फायदा क आणि ई जीवनसत्त्वांच्या भरपूर गोळ्या घेणाऱ्या तरुणांना मिळालाच नाही. म्हणजे मी पहाटे टेकडी चढायची आणि न्याहारीनंतर कॅप्सूलने ती उतरवायची.

भाचीला वाटलं मी चकित होईन. पण हे वर्कशॉपात शिकलेलं. घासलेला पत्रा गंजू नये म्हणून आम्ही रेड ऑक्साइड मारायचो, आणि रेड ऑक्साइड असतं काय? लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ. कुठे बसलाय त्यावर सगळं. हे मी चहा पिता पिता सांगितलं. भाचीने वहीत लिहून घेतलं. एसटीतल्या माणसाचं म्हणणं कॉलेजच्या वहीत जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

गेल्या आठवड्यात विनायकरावांकडे गेलो. दिवाणाखाली खोकी, कपाटावर खोकी, गॅलरीतही खोकी. हुद्दा टिकवायला दर महिन्याला इतका माल स्वतःच उचलावा लागतो, हे मेहुणीने चहा देताना सांगितलं. ते स्वतः काही बोलले नाहीत. पहिल्यांदाच मला काही विकलं नाही. खोक्यांमागे गॅलरीचं ग्रिल सोलवटलं होतं. नख फिरवलं. वरवरचाच होता.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर, ब्रश आणि अर्धा लिटर रेड ऑक्साइड घेऊन गेलो. दोघांनी मिळून खोकी आत सरकवली. मी डबा उघडून ढवळायला लागलो.

‘‘दोन हात द्यावे लागतील,’’ मी म्हणालो.

विनायकरावांनी सवयीने विचारलं, ‘‘जेवणाआधी की नंतर?’’