अण्णांचा सहावा दिवस

पाहुणा दारात आला की "परत कधी निघणार?" असं आपण विचारत नाही. बिलाचंही तसंच असतं, असं आमच्या तळमजल्यावरच्या अण्णांचं मत आहे. आलं रे आलं की भरून मोकळं व्हायचं, याला ते उतावीळपणा म्हणतात. "बिल मुरू द्यावं," असं ते लोणच्याबद्दल बोलावं तसं सांगतात. किती मुरू द्यावं? पाच दिवसांत कच्चं राहतं, सातव्या दिवशी बुरशी धरते. बिल भरायचं ते सहाव्या दिवशी, संध्याकाळचा चहा झाल्यावर.

अण्णा मंत्रालयात लेखा शाखेत होते. डोंबिवलीहून आठ-बाराची लोकल पकडत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं सरकारचा हिशेब तपासला आणि निवृत्त झाल्यावर घरातलं जे सापडेल ते तपासायला घेतलं. दूधवाला आठ दिवसांत शहाणा झाला. वाण्याने हात जोडले. काकूंनी तर पहिल्याच महिन्यात "माझ्या डब्यांना हात लावायचा नाही" असं सांगून स्वयंपाकघराची सीमा आखून दिली. उरलं विजेचं बिल. त्यात अण्णांना जन्माची सोबत मिळाली.

सहा दिवसांमागचं शास्त्र मला त्यांनी जिन्यात उभं करून समजावलं होतं. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर डोकावत होती.

"हे बघा, सतराशे चाळीसचं बिल. त्यातलं १६ टक्के वीज शुल्क बाजूला ठेवा. राहिले दीड हजार. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं की त्यावर १ टक्का सूट. किती झाले?"

"पंधरा."

"शाब्बास. ऑनलाइन भरलं की आणखी पाव टक्का. म्हणजे पावणेचार रुपये. कागदी बिल नको म्हणून कळवलं, त्याचे १०. एकूण?"

मी मेथीकडे बघत राहिलो.

"अठ्ठावीस रुपये पंच्याहत्तर पैसे! वर्षाचे तीनशे पंचेचाळीस. नुसते बसून."

नुसते बसून हे खरं नव्हतं, कारण आम्ही दोघंही जिन्यात उभे होतो. पण मी विचारलं, "मग पहिल्याच दिवशी भरलं तरी सूट तेवढीच ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं ते लेखा शाखेत नव्याने लागलेल्या कारकुनाकडे पाहावं तसं. "आणि पाच दिवसांचं व्याज?"

बचत खात्यावर पूर्वी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. ही तारीख अण्णांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. (लग्नाची तारीख काकू दरवर्षी आदल्या दिवशी आठवण करून देतात.) तेव्हापासून बिलाचे पैसे पाच दिवस जास्त बँकेत राहिले, तर ३ टक्के दर धरून त्यावर बहात्तर पैसे सुटतात, आणि ते सोडायला अण्णा तयार नाहीत. मग सातव्या दिवशी का नाही? तर सातव्या दिवशी सगळा महाराष्ट्र जागा होतो, सर्व्हर बसतो आणि माणूस बहात्तराचे शहाऐंशी पैसे करायला जाऊन पंधरा रुपये घालवतो. "लोभाला मर्यादा हवी," अण्णा म्हणाले आणि मेथी आत ढकलून घरात गेले.

हे सगळं मोबाइल आल्यावरचं. त्याआधीचे अण्णा रांगेतले. भरणा केंद्राची खिडकी दहाला उघडायची, अण्णा सव्वानऊला हजर. रांगेत मागेपुढे कोण आहे यावर त्यांचं महिन्याचं समाजजीवन अवलंबून असे. दोन-तीन सोयरिकी त्या रांगेत जुळल्या असं ते सांगतात. त्यातली एक मोडलीही, पण तो दोष रांगेचा नव्हता. पावतीवर गोल शिक्का बसला की घरी येऊन ती तारेत ओवायची. ती तार आजही त्यांच्या दाराआड खिळ्याला टांगलेली आहे. खालच्या पावत्या पिवळ्या, मधल्या पांढऱ्या आणि वरच्या पूर्ण कोऱ्या. कोऱ्या अशासाठी की त्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या. वर्षभरात त्यांच्यावरची अक्षरं उडून जातात. हे लक्षात आल्यावर अण्णा पावती मिळाली की लगेच कोपऱ्यावर तिची झेरॉक्स काढू लागले. झेरॉक्सचे दोन रुपये ते सुटीतून वजा करत नाहीत. तो 'दफ्तर खर्च'.

मध्यंतरी चेकचे दिवस आले. चेक पेटीत टाकला त्या दिवशी बिल भरलं असं अण्णा समजत होते. पण चेक वटून पैसे जमा होतील तोच भरणा, हे कळलं तेव्हा त्यांनी चेकबुक कपाटात ठेवलं ते कायमचं. शिवाय चेक परत आला तर जीएसटी धरून ८८५ रुपये दंड. ८८५ हा आकडा उच्चारताना अण्णांचा आवाज खाली जातो, घरातल्या जुन्या आजारपणाबद्दल बोलताना जातो तसा.

आणि नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, पण विजेच्या बिलासाठी जुन्या नोटा काही दिवस चालणार होत्या. वर्षानुवर्षं बिल न भरलेली माणसं नोटांची पुडकी घेऊन खिडकीवर उभी राहिली. आगाऊ रक्कम घेणार नाही, फक्त चालू बिल आणि थकबाकी. अण्णांनी आदल्याच आठवड्यात, सहाव्या दिवशी, बिल भरून टाकलं होतं. घरात गव्हाच्या डब्यातून काकूंच्या सात नोटा निघाल्या आणि अण्णांपाशी त्या खपवायला एक पैशाची थकबाकी नव्हती. आयुष्यभर हिशेब चोख ठेवल्याचा पश्चात्ताप झालेला माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला.

घरगुती खर्चातली बाकीची ऊर्जा अण्णांनी वाऱ्यावर सोडली आहे. गॅसचं ऑनलाइन भरलं तर सिलेंडरमागे पाच रुपये सूट, हे २०१७ मध्ये निघालं तेव्हा ते हुरळले. पण पाच रुपये वाचवून सिलेंडर आणणाऱ्या पोऱ्याच्या हातावर काकू वीस ठेवायच्या. दोन्ही व्यवहार एकाच वहीत दिसू लागले तसं अण्णांनी गॅसचं खातं काकूंकडे वर्ग केलं.

कागदी बिल बंद करण्याची गोष्ट मात्र सांगायला हवी. दहा रुपये सूट मिळणार म्हणून अण्णांनी नाव नोंदवलं. बिल ईमेलवर येऊ लागलं. पण पडद्यावरचं बिल हे अण्णांच्या लेखी बिलाचा फोटो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या प्रत्येक ओळीसमोर लाल पेनाने टिक केल्याशिवाय बिल तपासलं असं कसं म्हणायचं? म्हणून ते सायबर कॅफेत जाऊन बिल छापून आणतात. दोन पानं, पाच-पाच रुपये. झाड वाचावं म्हणून वीज कंपनीने दिलेले दहा रुपये अण्णा दर महिन्याला त्याच झाडावर खर्च करतात. पुढे नव्याने नाव नोंदवणाऱ्यांना वर्षाचे १२० रुपये पहिल्याच बिलात एकरकमी मिळू लागले, तेव्हा अण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. "निष्ठावंताला काही किंमत नाही," एवढंच म्हणाले. राजकारणाबद्दल असावं असं समजून मी मान डोलावली.

अण्णांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रसंग जून २०२० चा. टाळेबंदीत मीटर वाचायला माणसं येत नव्हती. मार्चअखेरपासून सरासरीने बिलं लागली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंगचं तीन महिन्यांचं एकदम आलं. राज्यभर आरडाओरडा झाला. तेव्हा सरकारने दोन वाटा दिल्या: सगळं एकरकमी भरा आणि २ टक्के सूट घ्या, नाही तर तीन हप्त्यांत भरा.

लोक वीज कंपनीला शिव्या देत होते. अण्णा मास्क लावून बाल्कनीत हिशेब करत होते. एका बिलाला दोन वाटा! बिल सहा हजार चारशेचं. एकरकमी भरलं तर एकशे अठ्ठावीस रुपये सुटतात. हप्ते घेतले तर थांबलेल्या पैशावर दोन महिन्यांत फार तर सोळा रुपये व्याज. पाचवीतल्या पोराने सांगितलं असतं. अण्णांनाही ते पाच मिनिटांत कळलं होतं. पण निर्णय पाच मिनिटांत झाला तर उरलेल्या टाळेबंदीचं काय करायचं? म्हणून त्यांनी नवे प्रश्न काढले. मीटर बरोबर आहे का? जिन्यातला दिवा चुकून आपल्या मीटरवर नाही ना? बिलाबद्दल तक्रार करायची असेल तर आधी भरायचं की आधी भांडायचं? भरलं म्हणजे मान्य केलं असा अर्थ निघतो का? खालून ते मला वर हाक मारत, मी दुसऱ्या मजल्यावरून उत्तर देई आणि समोरच्या इमारतीतले वकील, कोणी न विचारता, फी न घेता, मत देत.

नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी काकू बाल्कनीत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तेवढ्यात पंखा फिरून फिरून एकशे अठ्ठावीसाची वीज जळाली." अण्णांनी एकरकमी भरलं. वहीत मात्र त्या नोंदीसमोर 'निषेध नोंदवून' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

त्यामुळे घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा इमारतीतल्या मोर्चेकरी मंडळींना वाटलं अण्णा आपल्या बाजूचे. होतेच, पण कारण वेगळं होतं. लोकांना मीटर पळण्याची भीती होती. अण्णांना बिलच येणार नाही याची. "आधीच पैसे भरायचे म्हणजे तारीख नाही, मुदत नाही, सूट नाही. माणसाने करायचं काय?" २०२४ मध्ये तो बेत मागे पडल्याचं जाहीर झालं आणि अण्णांनी इमारतीत पेढे वाटले. छोटे होते.

पण दैव बघा. सरकारला जे जमलं नाही ते बेंगळुरूच्या मुलाने केलं.

गणपतीत तो चार दिवस आला होता. परत जाताना वडिलांच्या त्रासाची त्याला दया आली. स्टेशनवर जाताना रिक्षातच त्याने मोबाइलवर ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे टाकले आणि दरमहा बिल आपोआप जाईल अशी व्यवस्था करून टाकली. सहाव्या दिवशी चहा झाल्यावर अण्णांनी चष्मा पुसला, मोबाइल उघडला. पडद्यावर आलं: कोणतंही बिल बाकी नाही.

त्यांना वाटलं, सर्व्हर बिघडला. मग वाटलं, कोणी चोरी केली. घरातून पैसे नेणारे चोर त्यांना माहीत होते. घरात येऊन बिल भरून जाणारा चोर म्हणजे काहीतरी नवीन. मुलाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला.

"बाबा, आता तुम्हाला बघायलाच नको. आलं की लगेच जाईल."

"लगेच? पहिल्या दिवशी?"

"हो."

"आणि पाच दिवसांचं व्याज?"

तिकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे माझ्या खात्यातून जातात." यावर अण्णांना उत्तर सुचलं नाही. "दरमहा परक्याने येऊन आपल्या खिशात हात घालायचा आणि त्याला सोय म्हणायचं," असं ते नंतर मला म्हणाले. पण खिसा त्यांचा नव्हता, आणि दुखणं तिथेच होतं.

पुढच्या महिन्यात ते इमारतीत फिरू लागले. "बिल आलं का?" फडके रोडवर दिवाळी पहाटेला सगळी डोंबिवली नटूनथटून उभी असते, तिथे लोक एकमेकांना फराळाला बोलावत होते आणि अण्णा मला विचारत होते, "कितव्या तारखेचं आहे?"

मी गाफील होतो. म्हणालो, "भरायचंय अजून."

अण्णांच्या चेहऱ्यावर लक्ष्मीपूजन झालं. त्यांनी माझं बिल दत्तक घेतलं. मोबाइल माझा, बोट माझं, ते फक्त सांगणार. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी बोट तयार ठेवलं. अण्णा आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "तुमचं काम आहे. परक्याच्या पैशाला जास्त जपावं लागतं. उद्या भरू. आणखी चौदा पैसे पडतील तुमच्या पदरात."

सातव्या दिवशी रात्री साडेअकराला आम्ही दोघं माझ्या सोफ्यावर बसलो. मी बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरू लागलं. फिरत राहिलं. अण्णा घड्याळाकडे बघत होते, मी अण्णांकडे. बाराला पाच कमी असताना 'व्यवहार प्रक्रियेत आहे' असं आलं आणि बारा वाजून दोन मिनिटांनी 'व्यवहार अयशस्वी'. पैसे खात्यातून गेले होते. ते तिसऱ्या दिवशी परत आले. बिल मी आठव्या दिवशी भरलं, सूट न घेता, अण्णांना न सांगता.

पण त्यांना कळलंच. परवा रात्री दहाला बेल वाजली. दारात अण्णा, हातात लग्नात आहेर देतात तसलं पाकीट.

"तुमचे पंधरा रुपये. चूक माझी. विलंब आकाराचा सव्वा टक्का मात्र लागणार नाही, अंतिम मुदत पुढे होती."

"अहो अण्णा, काय हे! राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? हिशेब आहे." त्यांनी पाकीट पुढे केलं, मग अर्ध्यावर थांबवलं. "रोख घेता, की यूपीआय करू?"

"कसंही द्या."

"कसंही?" अण्णांनी पाकीट खिशात ठेवलं, चपला दाराशी काढल्या आणि आत येऊन बसले.