चौथी लाट

बारावीला ध्वनिलहरी शिकवणाऱ्या माणसाला मोटारीचं बोनेट उघडू देऊ नये. वर्षानुवर्षं फळ्यावर ऑर्गन पाइप काढून माझी अशी खात्री झाली होती की नळीतली हवा माझं ऐकते. वर्गातली मुलं ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

गाडी म्हणजे जुनी मारुती एस्टीम. 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह, कागदावर 85 अश्वशक्ती. ती शर्यतीसाठी घेतली असं मी मित्रांना सांगत असे आणि भाजी-बाजारासाठी घेतली असं घरी. विश्वास कुणाचाच बसला नव्हता. तिची ताकद वाढवायची तर कॅम बदला, कॉम्प्रेशन वाढवा, असे पुष्कळ मार्ग आहेत; पण ते सगळे इंजिनाच्या पोटात. खर्च करायचा आणि चारचौघांना दिसायचं काहीच नाही! इनटेक मॅनिफोल्ड मात्र बोनेट उचललं की समोर दिसतो. एक चकचकीत पेटी, तिच्यातून निघालेल्या चार नळ्या, चार सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या. आमची निवड अशी शास्त्रीय पायावर झाली.

शास्त्र मागाहून आलं, आणि ते खरोखर सुंदर आहे. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, तेव्हा कमी दाबाची एक लाट नळीतून उलटी पेटीकडे पळते. नळीच्या उघड्या तोंडाशी ती पलटते आणि जास्त दाबाची होऊन माघारी येते. नेमका त्याच वेळी व्हॉल्व्ह मिटत असेल, तर मिटता मिटता ती आणखी थोडी हवा सिलिंडरमध्ये कोंबते. म्हणजे फुकटची हवा, आणि फुकट म्हटल्यावर मास्तर माणूस थांबतो होय? 6000 आरपीएमला क्रँकची एक फेरी 10 मिलिसेकंदांत होते. तेवढ्यात आवाज साधारण साडेतीन मीटर जातो. पहिल्यांदा परतणारीच लाट पकडायची तर नळी मीटरभराहून लांब हवी, म्हणून शहाणे लोक दोन-चार हेलपाटे घालून दमलेली लाट पकडतात. मी चौथी धरली. एंड करेक्शन, म्हणजे व्यासाच्या 0.3 पट, वजा करून उत्तर आलं 34 सेंटिमीटर. ते मी लाल पेनाने चौकटीत लिहिलं.

कोल्हापुरात असली कामं घेऊन माणूस उद्यमनगरात जातो. तिथे पंपाच्या इंपेलरपासून उसाच्या चरकापर्यंत काहीही करून मिळतं. अण्णांची शेड तिथलीच. त्यांनी माझा कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "एवढी नळी कशाला, सर?" मी त्यांना क्रायसलरची गोष्ट ऐकवली. 1960 च्या 300एफला 30 इंची नळ्या होत्या, इतक्या लांब की इंजिनाच्या एका बाजूचा कार्बोरेटर पार दुसऱ्या बाजूवर लटके.

अण्णा म्हणाले, "त्या गाडीत माझं लेथ बसंल. तुमच्या गाडीत तुम्ही तरी नीट बसता का?"

पेटीचं आकारमान निदान इंजिनाएवढं असावं, म्हणून मी दीड लिटर ठरवलं होतं. पत्र्याला टाके मारून झाल्यावर घरून आणलेल्या मापाने मी तिच्यात पाणी ओतायला लागलो. पाणी पेटीत कमी आणि माझ्या बुटांत जास्त गेलं. अण्णांचा पोऱ्या तेवढा वेळ बाकवाइसकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

मग वेल्डिंग. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या सालीला 2000 च्या वर तापमान लागतं. म्हणून ते आर्गनमध्ये, एसी करंटवर करतात. करंटची उलटी बाजू ती साल फोडत जाते. हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे टॉर्च माझ्या हातात दिली. काळ्या काचेतून मी धातू लाल व्हायची वाट बघत राहिलो. "ते लाल होत न्हाई, सर," अण्णा मागून म्हणाले, "ते थेट खाली पडतं." पडलंच. नळीला रुपयाएवढं भोक आणि माझ्या बुटावर चांदीचा थेंब. बूट ओले होते हे बरंच झालं.

पुढचं अण्णांनी केलं. हेडला टेकणारी 10 मिलिमीटरची फ्लँज भंगारातल्या हेडवर आवळून मग वेल्डिंग करू, असं त्यांचं म्हणणं होतं. भंगारात जाऊन हेड शोधायला एक दिवस मोडला असता आणि रविवारी मित्र बघायला येणार होते, म्हणून मी तसंच करायला लावलं. थंड झाल्यावर फ्लँज पापडासारखी वळली. सरळपट्टी ठेवली तर खालून अर्ध्या मिलिमीटरचं फिलर गेज आरपार! मिलिंगला जाऊन ती सपाट होऊन आली, पण तोवर बरीच रोडावली होती.

सगळं पूर्ण झालं, बफ मारून पेटीत तोंड दिसायला लागलं, आणि अण्णांनी विचारलं, "ब्रेकची नळी कुठं लावायची, सर?"

अशा जुन्या पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला निर्वात मॅनिफोल्डमधूनच मिळतो. ती नळी निघाली की पेडल दगड होतं. जुन्या मॅनिफोल्डवर त्यासाठी बोटभर तोटी होती. माझ्या कागदावर चौथ्या लाटेला जागा होती, थांबायला नव्हती.

तोटी लागली. मग बोनेट लागेना. नळ्या 10 सेंटिमीटरने कापल्यावर ते एकदाचं मिटलं. इंजिन सुरू झालं, पण 800 आरपीएमवर बसायचं सोडून ते दीड हजार ते दोन हजारांत झोके घेऊ लागलं. कुठून तरी हवा चोरून आत येत होती. अण्णांनी देवापुढची उदबत्ती उचलली, पोऱ्याला ओलं पोतं घेऊन उभं केलं (पेट्रोलशेजारी जाळ, दुसरं काय करणार) आणि उदबत्ती सांध्यासांध्यावरून फिरवली. धूर सरळ वर चढत होता. तिसऱ्या नळीच्या मुळाशी तो एकाएकी आडवा झाला आणि फ्लँजखाली गडप झाला. नवीन गॅस्केट घातलं तेव्हा कुठे इंजिन शांत झालं.

रविवारी मित्रांनी पेटीत स्वतःचे चेहरे बघून घेतले. मग पन्हाळा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी विचारच करत होती. मागून कोंबड्यांचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे गेला. कोंबड्यांनी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवरून सौ. म्हणाल्या, "उतरून चालू का? वर भेटू."

तीन दरवाज्याशी गाडी लावून पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. 34 च्या जागी 24 सेंटिमीटर, म्हणजे तीच चौथी लाट आता 8500 आरपीएमला जुळणार. त्याच्या कितीतरी आधी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल तोडतो. माझा मॅनिफोल्ड अगदी बरोबर चालत होता, फक्त या इंजिनाला कधी न पोचता येणाऱ्या ठिकाणी. आणि खालची ओढ लांब नळीबरोबरच कापली गेली होती.

सुझुकीचा मूळ ओतीव मॅनिफोल्ड परत बसला. गाडी भाजी आणते. माझा नग अण्णांनी शेडच्या दारावर टांगला, खाली खडूने लिहिलं, 'असे बनवून मिळतील'. बघून पोरं थांबतात, चौकशी करतात, आणि नळीची लांबी विचारली की अण्णा त्यांना माझ्याकडे धाडतात. परवा एकजण वही घेऊन आला. त्याला दोन तास बसवून चौथी लाट, एंड करेक्शन, सगळं व्यवस्थित समजावून दिलं. ब्रेकच्या नळीचं अण्णा बघतील.