अहवाल कसा लिहावा

अहवाल लिहायला बसताना तो कुणी वाचणार नाही, हे गृहीत धरावे. म्हणजे हात मोकळा चालतो.

सुरुवात 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' अशीच करावी. 'की' येईपर्यंत साहेबांचा चहा येतो.

कर्ता गाळावा. यात कसूर नको. 'मी गेलोच नाही' असे कुणी लिहिते का? 'स्थळपाहणी प्रस्तावित आहे.' पंचायत समितीत मी 31 वर्षे काढली. कागदोपत्री त्यात मी एकही गोष्ट केलेली नाही. सगळे 'करण्यात आले'. निवृत्तीचा नारळसुद्धा मला 'देण्यात आला'.

माहिती नसेल तिथे 'निरंक'.

आता नमुना. एका वाडीवरचा हातपंप बिघडला. इंडिया मार्क-2, गावोगाव असतो तोच. त्यावर मी 6 पानी अहवाल लिहिला : लोकसंख्या, पर्जन्यमान, भूजल पातळी, परिशिष्टे 'अ' ते 'उ'. पंपाला झाले काय, ते पाचव्या पानावर, तेही 'तांत्रिक कारणास्तव' एवढेच. अहवाल शेरा घेऊन परत आला : 'चर्चा करा'. (हा शेरा मारणाऱ्या साहेबांनी माझ्याशी चर्चा केल्याचे मला तरी आठवत नाही.)

तेवढ्यात दुरुस्ती पथकाच्या मेकॅनिकची चिठ्ठी आली, कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिलेली : '80 दांडे मारावे तेव्हा बादली भरते. खालचा वॉशर गेलाय. 3 मीटरचे 8 पाईप वर काढावे लागतील. दोन माणसं आणि गाडी द्या, उद्या सकाळी.'

विषय नाही, संदर्भ नाही, 'सविनय' तर नाहीच. विभागीय परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला मी, मला रागच आला. चिठ्ठी दोनदा वाचली. तिच्यात खोडायला काही सापडेना, म्हणून आणखी राग आला. शेवटी गाडीच्या कागदावर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आले. चिठ्ठी नस्तीला लावली, माझ्या 6 पानांच्या नि परिशिष्टांच्या मागे, परिशिष्ट 'ऊ' म्हणून. साहेबांनी नस्ती उघडली ती नेमकी शेवटून.

"छान लिहिलंय हो," ते म्हणाले. "पण ही आधीची पानं कशाला?"

"जोडण्यात आली आहेत," मी म्हणालो.